युगगणना आणि इतिहासाचे कालखंड

कोणत्याही मंगलकार्याच्या आरंभी जो संकल्प उच्चारला जातो, त्यात कालाचा निर्देश मोठ्या मापाकडून लहान मापाकडे क्रमाने येत असतो. कल्प, मन्वंतर, युग आणि युगाचा चरण यांचा उच्चार झाल्यावर शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी व वार ही येतात. एका श्वासात म्हटल्या जाणाऱ्या या वाक्यात दोन निराळ्या जातींची मापे शेजारी-शेजारी बसलेली आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कल्प आणि युग ही विश्वाच्या व धर्माच्या स्थितीची मापे आहेत. शक आणि संवत्सर ही मनुष्याने केलेल्या विशिष्ट कृत्याचा दिवस नक्की करण्याची मापे आहेत. या दोहोंच्या जोडीला गेल्या दोनशे वर्षांत इतिहाससंशोधकांनी तिसरे माप आणून ठेवले. पाषाणयुग, ताम्रपाषाणयुग, लोहयुग, सातवाहनकाल, यादवकाल ही नावे त्या तिसऱ्या मापाची होत.

तिन्ही ठिकाणी ‘युग’ हा एकच शब्द वापरला जात असल्यामुळे सुशिक्षित भाविकांच्याही मनात पुष्कळ घोटाळा माजतो. प्राचीन मनुष्य दगडाची हत्यारे वापरीत होता असे वाचले, म्हणजे कृतयुगाचे वर्णन खोटे ठरले काय, अशी शंका एकाला येते. दुसरा श्रद्धाळू गृहस्थ पाषाणयुग म्हणजेच अमुक एक युग, असा मेळ घालण्याच्या खटपटीस लागतो. दोघांचेही श्रम व्यर्थ होत; कारण कोणते माप कशाचे मोजमाप करते, हा पहिला प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो. तो प्रश्न विचारला असता इतिहासकार प्राचीन काळाचे विभाग कसे पाडतात, ते कशाच्या आधारे पाडतात आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा, हे सर्व उलगडू लागते.

प्रथम परंपरेतील युगगणना पाहू. पुराणांत कृतयुगाची १७,२८,०००, त्रेतायुगाची १२,९६,०००, द्वापरयुगाची ८,६४,००० आणि कलियुगाची ४,३२,००० वर्षे सांगितली असून चारही मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते. या मापात उत्तरोत्तर आयुष्य, बल आणि धर्म यांचा ऱ्हास दाखविलेला आहे; म्हणजे ही विभागणी नैतिक स्वरूपाची आहे. ज्योतिषग्रंथकारांनी हीच युगे ग्रहगतीच्या गणितासाठी वापरली आणि त्यांच्यात मतभेदही झाले. आर्यभटाने चार युगपाद समान, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे मानले आणि त्याबद्दल ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीका केली. चालू युगपादाची ३,६०० वर्षे लोटली तेव्हा आपल्या वयाची २३ वर्षे पूर्ण झाली होती, असे आर्यभटाने नमूद केले असून त्यावरून इ. स. ४९९ हे वर्ष निघते. एका महान गणितज्ञाचा काळ निश्चित करण्यासाठी युगगणनेचाच उपयोग झाला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

युगगणना आणि वर्षगणना यांचा आपल्या पूर्वजांच्या मनात कधी झगडा झाला नाही, याची साक्ष दगडावर कोरलेली आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील ऐहोळे येथे मेगुती नावाच्या जैन मंदिरावर चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या कारकीर्दीतील रविकीर्तीचा प्रसिद्ध लेख आहे. नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख ज्यात आढळतो, तोच हा लेख. त्यात भारतीय युद्धापासून ३,७३५ वर्षे लोटली असून शक राजांची ५५६ वर्षे झाली आहेत, असा दुहेरी निर्देश आहे. शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५. गोव्याच्या कदंब राजांच्या काही लेखांत तर वर्षाचा आकडाच कलियुगाचा दिलेला आढळतो. पुढे ज्ञानेश्वरीच्या उपसंहारातही कलियुग, महाराष्ट्रमंडल, गोदावरीचा दक्षिण तीर आणि यादव राजा रामचंद्र यांचा निर्देश येतो आणि ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष येते. भाविक कवीने युगही सांगितले, राजाही सांगितला आणि स्थळही सांगितले. एक माप दुसऱ्याच्या आड आले नाही.

मग तिसऱ्या मापाची गरज का पडली? ज्या काळी लेख नव्हते, शक नव्हता, राजाचे नाव सांगणारा कोणी नव्हता, त्या काळातील मनुष्याविषयी बोलावयाचे तर त्याने मागे टाकलेल्या वस्तूंखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाही. अशा मुक्या वस्तूंची रांग कशी लावावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्क देशातील कोपनहेगन येथे एका संग्रहालयाच्या व्यवस्थापकापुढे उभा राहिला. त्याचे नाव ख्रिस्तियन थॉमसेन. त्याच्या संग्रहालयात जमिनीतून निघालेल्या दगडी कुऱ्हाडी, ब्राँझच्या तलवारी, लोखंडी सुऱ्या व मातीची भांडी यांचा ढीग पडला होता आणि त्यांतील कोणती वस्तू आधीची व कोणती नंतरची, हे सांगणारा कोणताही ग्रंथ नव्हता.

धातूंवरून युगांना नावे देण्याची कल्पना मात्र युरोपात जुनीच होती. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअड या ग्रीक कवीने सुवर्ण, रौप्य, ब्राँझ, वीर आणि लोह अशी पाच युगे सांगितली आहेत. तीही आपल्या चतुर्युगांप्रमाणे ऱ्हासाचीच कथा होय. सोन्यासारखी माणसे जाऊन लोखंडासारखी आली, असा तिचा आशय आहे. थॉमसेनने धातूंची नावे घेतली, परंतु नीतीचा संबंध सोडून दिला. तो एवढेच पाहू लागला की, एकाच थडग्यात एकाच वेळी पुरलेल्या वस्तू कोणत्या आणि कोणत्या वस्तू एकमेकींबरोबर कधीच सापडत नाहीत. अशा जोड्या लावता-लावता त्याला धार असलेल्या हत्यारांचा क्रम दिसून आला : प्रथम दगड, मग ब्राँझ, शेवटी लोखंड. या क्रमाने मांडलेल्या संग्रहाची मार्गदर्शिका १८३६ साली प्रसिद्ध झाली. त्याचा तरुण सहकारी वोर्से याने प्रत्यक्ष उत्खननात खालच्या थरात दगड आणि वरच्या थरात धातू असाच क्रम असल्याचे दाखवून दिले, तेव्हा संग्रहालयातील मांडणीला भूमीची साक्ष मिळाली. १८६५ साली जॉन लबक या इंग्रज विद्वानाने पाषाणयुगाचे पुन्हा दोन भाग पाडले : ओबडधोबड छिललेल्या दगडांचे पुराणाश्मयुग आणि घासून गुळगुळीत केलेल्या हत्यारांचे नवाश्मयुग. या दोहोंमधील मध्याश्मयुग हे नंतर भरीस आले.

हिंदुस्थानात या मापाचा प्रवेश फार लवकर झाला. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले आणि या भूमीतही पुराणाश्मयुगीन मनुष्य वावरत होता हे सिद्ध झाले. याच फूटने पुढे १८९० नंतरच्या दशकात बडोदे संस्थानाच्या भूगर्भाची पाहणी केली आणि साबरमतीच्या खोऱ्यातही प्राचीन दगडी हत्यारे शोधून काढली. त्याच्या काळी या हत्यारांचे वय वर्षांत सांगणे कोणालाही शक्य नव्हते. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने १८६३ मध्येच शोधलेल्या अत्तिरम्पाक्कम या स्थळी अलीकडे नव्या पद्धतींनी तपास झाला, तेव्हा तेथील सर्वांत जुनी हत्यारे दहा लाख वर्षांहूनही प्राचीन असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले.

परंतु डेन्मार्कच्या संग्रहालयात सिद्ध झालेला क्रम दख्खनच्या भूमीत तसाच्या तसा सापडतो काय? येथेच विभागणीची खरी परीक्षा झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे येथे उत्खनन केले. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली तोटीची सुबक भांडी आणि त्यांच्याच सोबतीला गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती मिळाली. हे लोक तांबे जाणत होते, पण रोजच्या कामाला दगडच वापरीत होते. त्यांना ‘पाषाणयुगीन’ म्हणावे तर तांबे आडवे येते. ‘ब्राँझयुगीन’ म्हणावे तर ब्राँझचे जग त्यांच्याभोवती कोठे दिसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी ‘ताम्रपाषाणयुग’ हे जोडनाव रूढ झाले. उत्तर युरोपातील तीन पायऱ्यांपैकी मधली पायरी दख्खनमध्ये निराळ्याच आकाराची निघाली. दक्षिणेत तर अनेक ठिकाणी दगडी कुऱ्हाडींच्या काळानंतर लोखंडाचाच काळ येतो.

विभाग कसे पडतात हे एकाच ठिकाणी पाहावयाचे असेल, तर नेवासे हे स्थळ सर्वांत उत्तम होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हे प्रवराकाठचे गाव वारकऱ्यांना ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. तेथे १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि १९६० साली त्याचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध झाला. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत पुराणाश्मयुगाच्या दोन अवस्थांची हत्यारे आढळली. जुन्या वस्तीच्या पांढरीत त्यानंतरचे थर होते. सर्वांत खाली ताम्रपाषाणयुगाची वस्ती, तिच्यावर सातवाहनांची नाणी देणारा आरंभीचा ऐतिहासिक काल, मग रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा दाखविणारा काल आणि शेवटी मुसलमान-मराठा काल. नदीकाठचे दोन व पांढरीतील चार असे एकूण सहा कालखंड तेथे मानण्यात आले.

या पांढरीच्या तळाशी राहणारी माणसे कोण होती, हे त्यांच्या नावानिशी कोणाला सांगता येणार नाही. तथापि त्यांचे मन कळावे अशी एक गोष्ट तेथे दिसली. ही माणसे आपली मृत बालके दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. ‘ताम्रपाषाणयुग’ हे रूक्ष नाव वाचताना त्या नावाखाली असे एक घर होते, त्यात आई होती, हे विसरता कामा नये. कालखंडाचे नाव हे केवळ फडताळावरील चिठ्ठीसारखे असते. फडताळात काय आहे ते उघडूनच पाहावे लागते.

एका ठिकाणचा क्रम ठरला म्हणजे सर्व देशाचा ठरला, असेही नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात १९५० साली सुरू झालेल्या पुरातत्त्व विभागाचे पहिले प्रमुख बेंडापुडी सुब्बाराव यांनी या गोष्टीचा मूलगामी विचार केला. भारतात काही प्रदेश लोकांना सदैव आकर्षित करणारे, काही अंशतः अलग आणि काही दुर्गम व एकांतात पडलेले असे आहेत. त्यामुळे एकाच वेळी एका खोऱ्यात नगरे उभी असतात, तर शेजारच्या डोंगरात शिकारीवर उपजीविका चालते, असे त्यांनी प्रतिपादन केले. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात नर्मदेच्या दक्षिण तीरावर, अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नावडातोली येथे रंगीत भांडी वापरणारे व धान्य पिकविणारे शेतकरी नांदत होते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे बारीक दगडी हत्यारे वापरणारे शिकारी राहत होते आणि त्यांच्याही वस्तीत तांब्याची एक सुरी मिळाली. युगाची सीमा ही साऱ्या देशभर एकाच दिवशी पडणारी रेषा नव्हे. शिवारात पाऊस एका बांधावर पडतो आणि दुसरा बांध कोरडा राहतो, तसेच युगांचेही आहे.

जेथे थरच नाहीत, तेथे तर विभागणी करणारा पुरा अडचणीत येतो. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर कोरलेल्या पशूंच्या व इतर आकृती आहेत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर अशीच कातळशिल्पे मोठ्या संख्येने आढळली आणि कोकणातील या शिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. उघड्या कातळावर माती साचत नाही. त्यामुळे या चित्रांच्या वर कोणता काल व खाली कोणता, हे भूमीकडून वदवून घेता येत नाही आणि त्यांचे युग आकृतींच्या धाटणीवरून व आसपासच्या पुराव्यावरून अनुमानानेच ठरवावे लागते.

क्रम आणि वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. थर पाहून आधीचे कोणते व नंतरचे कोणते ते कळते. किती वर्षांपूर्वीचे ते कळत नाही. वर्षासाठी कोठेतरी खुंटी रोवावी लागते. भारतीय इतिहासात अशी पहिली खुंटी १७९३ साली सर विल्यम जोन्स यांनी रोवली. ग्रीक लेखकांचा सँड्रोकोटस म्हणजे चंद्रगुप्त मौर्य, हे त्यांनी ओळखले आणि अलेक्झांडरच्या इ. स. पूर्व ३२६ मधील स्वारीशी भारतीय कालगणना जोडली गेली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे निघाली आणि ती खुंटी घट्ट झाली. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील मस्की येथे १९१५ मध्ये जो लेख सापडला, त्यात ‘देवानांप्रिय’ या उपाधीबरोबर प्रत्यक्ष अशोक हे नाव होते.

दुसरी खुंटी समुद्रमार्गे आली. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे उत्खनन केले, तेव्हा इटलीत बनलेली, काल ज्ञात असलेली भांडी तेथे मिळाली. त्यांच्या सोबतीची खापरे व रोमन नाणी यांच्या आधारे १९४७ मध्ये त्यांनी कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी येथील थरांना वर्षे दिली : सर्वांत खाली दगडी कुऱ्हाडींची संस्कृती, तिच्यावर मोठ्या शिळांची दफने करणारी महापाषाण संस्कृती आणि तिच्यावर आंध्र संस्कृती. महापाषाण काल त्यांनी इ. स. पूर्व २०० च्या सुमारास सुरू केला आणि दगडी कुऱ्हाडींचा काल इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकात बसविला. थरांचा क्रम अचूक होता. वर्षे मात्र टिकली नाहीत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केलेली किरणोत्सर्गी कार्बनची पद्धती पुढे भारतात आली. जिवंत वस्तू मेल्यावर तिच्यातील विशिष्ट कार्बन सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. म्हणून उत्खननात मिळालेल्या जळक्या धान्यावरून किंवा कोळशावरून तिचे वय काढता येते. या मोजणीने दक्षिणेतील नवाश्मयुग इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागे गेले आणि लोखंडाचा आरंभही कित्येक शतके मागे सरकला. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व विभागाने शिवगळै आदी स्थळांवरून लोखंडासाठी इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकापर्यंत जाणारी वर्षे प्रसिद्ध केली असून त्यांची विद्वानांत छाननी चालू आहे. यावरून बोध एवढाच घ्यावयाचा की, पाठ्यपुस्तकातील युगाची सीमा ही शेताच्या हद्दीच्या दगडासारखी कायमची पुरलेली नसते; नवा पुरावा आला की ती हलते.

भक्तिमार्गाच्या इतिहासाला याचे महत्त्व किती, हे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील बेसनगरच्या उदाहरणावरून कळते. विदिशेजवळ एक दगडी स्तंभ होता. लोक त्याला ‘खांबबाबा’ म्हणून पूजीत आणि शेंदराचे थरावर थर चढवीत. १८७७ साली सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो पाहिला. परंतु शेंदराखाली काही लेख आहे हे त्यांना दिसणे शक्य नव्हते आणि घडणीवरून त्यांनी तो गुप्तकालातील असावा असा तर्क केला. १९०९ च्या सुमारास शेंदूर निघाला आणि आत ब्राह्मी लेख दिसला. तक्षशिलेचा रहिवासी, दियनाचा पुत्र हेलिओदोर हा ग्रीक राजा अंतलिकित याचा वकील म्हणून काशीपुत्र भागभद्र राजाकडे आला होता. त्या परदेशी ‘भागवता’ने देवाधिदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, असे त्यात सांगितले होते. अंतलिकिताच्या नाण्यांवरून स्तंभाचा काल इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा ठरला. गुप्तकालातून स्तंभ उचलून कित्येक शतके मागे न्यावा लागला आणि वासुदेवभक्तीच्या इतिहासाचा एक अख्खा कालखंड त्याबरोबर मागे गेला. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाच्या आरंभी संकर्षण व वासुदेव यांना जे वंदन आढळते, त्याला यामुळे योग्य पार्श्वभूमी लाभली. शेंदूर वाहणाऱ्या ग्रामस्थांची श्रद्धा आणि तो हलक्या हाताने दूर करणाऱ्या संशोधकाची जिज्ञासा या दोहोंनी मिळून तो लेख जगापुढे आणला. कारण पूजेतला स्तंभ म्हणूनच तो शतकानुशतके उभा राहिला होता.

लेखनाच्या आधारेही काळाचे विभाग पाडतात. लेख नाहीत तो प्रागैतिहास, वाचता येणारे लेख आहेत तो इतिहास, आणि लेख आहेत पण वाचता येत नाहीत अथवा वाङ्मय आहे पण समकालीन लेख नाहीत, तो मधला आद्येतिहास. दयाराम साहनी यांनी १९२१ साली हडप्पा येथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी पुढील वर्षी मोहेंजोदडो येथे जी नगरे उजेडात आणली आणि १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी जगाला जाहीर केली, ती या मधल्या खणात बसली. कारण त्यांच्या मुद्रांवरील लिपी सर्वमान्य रीतीने अद्याप उलगडलेली नाही. उद्या ती वाचली गेली, तर एकाच दिवसात ती नगरे आद्येतिहासातून इतिहासात येतील. त्या नगरांत मात्र तसूभरही फरक झालेला नसेल. बदलेल ते फक्त त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान. कालखंडाचे नाव हे पुष्कळ वेळा प्राचीनांपेक्षा आधुनिकांच्याच स्थितीचे वर्णन करते, ते असे.

काही नावांत तर मते दडलेली असतात आणि त्यांपासून सावध राहावे लागते. १८१७ साली जेम्स मिल या इंग्रज लेखकाने, कधीही हिंदुस्थानात पाऊल न टाकता, हिंदुस्थानाचा इतिहास लिहिला आणि त्याचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तुकडे पाडले. पहिल्या दोन तुकड्यांना राजांच्या धर्माचे नाव आणि तिसऱ्याला राष्ट्राचे नाव, ही विसंगतीच पुरेशी बोलकी आहे. धातूचा बदल जमिनीत दिसतो. राजाच्या धर्माबरोबर नांगर, चाक, माग व घरातील चूल बदलली असे जमिनीत दिसत नाही. त्यानंतर प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशी युरोपच्या इतिहासातील त्रिविध वाटणी आली. तेथे प्राचीन काळाचा शेवट इ. स. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याच्या पतनाशी जोडतात. येथे तशी एकच घटना दाखविता येत नाही. म्हणून इ. स. ६०० ते १२०० या शतकांना पुष्कळ इतिहासकार ‘आरंभीचा मध्ययुगीन काल’ असे स्वतंत्र नाव देतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना लेख, नाणी व ग्रंथ तपासून राजवंशांचा क्रम लावला. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात राजवंशांची नामावळी बाजूस सारली आणि लोक कशा रीतीने उत्पादन करीत व त्या उत्पादनात त्यांचे परस्परसंबंध कसे होते, त्यावरून काळाचे टप्पे पाडले. भांडारकरांनी राजाच्या सनदेकडे पाहिले, कोसंबींनी शेतकऱ्याच्या नांगराकडे पाहिले; दोघांना वेगवेगळे टप्पे दिसले आणि दोघांच्याही पाहण्यातून इतिहासाला लाभ झाला.

तेव्हा प्राचीन काळाविषयी वाचताना तीन प्रश्न नित्य मनाशी बाळगावेत. हा विभाग कोणत्या पुराव्यावर पाडला आहे : हत्यारांवर, लेखांवर, राजवंशावर की धर्मावर? तो कोणत्या प्रदेशापुरता खरा आहे? आणि त्याची वर्षे कोणत्या खुंटीला बांधली आहेत? ज्या विभागणीला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात, ती उपयुक्त. ज्या विभागणीला देता येत नाहीत, ती कितीही पाठांतरात असली तरी केवळ सवय होय. कृत-त्रेतादी युगांना हे प्रश्न लागू होत नाहीत, कारण ती याच्यासाठी रचलेलीच नाहीत; मनुष्याची धर्माशी असलेली जवळीक वा दुरावा सांगणे हे त्यांचे काम. खापरांच्या थरावरून कलियुग मोजू नये आणि कलियुगाच्या वर्षांनी खापरांचे वय ठरवू नये, इतकी शिस्त पाळली म्हणजे दोन्ही गणना आपापल्या जागी सुखाने नांदतात.

नेवाशाच्या त्या सहा कालखंडांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रोमन व्यापाराच्या काळानंतर तेथील गणनेत एकदम मुसलमान-मराठा काळाचे नाव येते. यादवकालाचे, म्हणजे शके १२१२ मध्ये ज्या वेळी भगवद्गीतेचा अर्थ मराठी ओवीत उतरला त्या वेळेचे, स्वतंत्र नाव त्या सहांत नाही. खोदलेल्या टेकाडाने दिले तेवढेच उत्खननकारांनी नोंदविले, हे त्यांच्या सचोटीस शोभणारेच झाले. मराठी भाषेच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी क्षणांपैकी एक, त्याच गावात घडूनही, त्या पांढरीच्या थरांत नाव न ठेवता गेला. आणि तळाच्या मडक्यांत निजविलेल्या निनावी बालकांची स्मृती मात्र भूमीने तीन हजार वर्षे सांभाळली. ग्रंथाने जे राखले ते मातीने राखले नाही आणि मातीने जे राखले ते कोणत्याही ग्रंथाला ठाऊक नव्हते. या दोहोंची साक्ष एकत्र घेऊन जो काळाचे विभाग पाडतो, त्याच्याच हाती प्राचीनांचे पुरेसे दर्शन लागते.